सरलाबाईंचं सांतो दोमिंगो

हॅम्बर्गच्या सरला निकम यांना काम काय करता म्हणून विचारलं, तर त्या सरळ सांगतात, "गाव दाखवते." ऐकणाऱ्याला वाटतं, हॅम्बर्ग दाखवत असतील. तर न्हाई. बाई दाखवतात सांतो दोमिंगो. कॅरिबियन समुद्राच्या काठचं पाचशे वर्षांचं जुनं शहर, स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. आणि दाखवतात कुणाला, तर जर्मन पेन्शनरांना. बाई विट्याच्या बाजूची, पाव्हणे जर्मन, आणि गाव तिसऱ्याच मुलखातलं. हे कसं जमलं, ते सांगण्यासारखं आहे.

सरलाच्या वडलांचं गावात एसटी स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. गावात परका माणूस उतरला की पहिला तिथं टेकायचा. मुलगी बघायला आलेले असोत, पशुवैद्यक असो, नाहीतर शाळा तपासायला आलेला साहेब. वडील कढईतली भजी हलवत हाळी द्यायचे, "सरे, पाव्हण्यास्नी गाव दाखवून आण." मग सरला पुढं आणि पाव्हणे मागं. देऊळ, बारव, तालीम, आणि कुणाच्या तरी ओसरीवर ताक. जीभ आणि पाय, दोन्ही तिथंच तयार झाले.

लग्नानंतर नवरा चंद्रशेखर याला हॅम्बर्गात विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ही दोघं एल्बे नदीच्या पलीकडं फिंकनवेर्डरला राहायला आली. सरलानं आधी बेकरीत पाव विकले. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जर्मन शिकली. ती जर्मन बोलते तेव्हा व्याकरण नीट असतं, पण चाल विट्याची. मुलगी ओवी लाजून म्हणते, "मामा, बिट्टे लाइझर!" म्हणजे आई, जरा हळू बोल. सरला म्हणते, "हळू बोलायला मी काय चोरी केलीय?"

बेकरीतनं ती नदीच्या अलीकडच्या आल्टोना भागातल्या एका लहानशा प्रवास कंपनीत टेलिफोनवर लागली. मालकीण फ्राऊ लिंडेमान; फ्राऊ म्हणजे बाई. कंपनीची सगळी मदार एका सहलीवर, दर हिवाळ्यात सांतो दोमिंगो. ती सहल नेणारा मात्तीसन नावाचा गाइड सगळ्या पेन्शनरांच्या गळ्यातला ताईत. त्याच्या हाताखाली सरला दोनदा जाऊन आली. बॅगा मोजल्या, गोळ्या दिल्या, चुकलेल्या आज्या हुडकून आणल्या. तेवढ्यात शहर पाठ झालं. मग मात्तीसनचे गुडघे गेले आणि त्यानं सांगून टाकलं की आता जमायचं न्हाई.

फ्राऊ लिंडेमान म्हणाली, "सरला, तू ने. पण लोकांना तू नवीन आहेस. आपण माहितीची संध्याकाळ ठेवू. पुरेशी माणसं तयार झाली तर सहल होईल. नाही झाली तर यंदा रद्द, आणि तू परत टेलिफोनवर."

म्हणजे सगळं त्या एका संध्याकाळवर आलं. सरलाला टेलिफोनचा वीट आला होता. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांच्या सुटकेसांचं वजन सांगायचं, हे पायानं चालणाऱ्या बाईचं काम न्हवं. नवऱ्याला म्हणाली, "आवं, ही सहल मी नेणारच."

"आणि माणसं न्हाई आली तर?"

"येतील. न येऊन जात्यात कुठं?"

त्या दिवशी हॅम्बर्गाचा नेहमीचा आडवा पाऊस. सरला निळं पैठणी काठाचं जाकीट घालून फेरीबोटीनं अलीकडं आली. आल्टोनातल्या सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. सगळी पिकली पानं, ओल्या छत्र्या पायाशी. पहिल्या रांगेत फ्राऊ क्रोगर, भूगोलाच्या निवृत्त मास्तरीण, मानेला रुमाल, पाठ ताठ. शेजारी बंदरात जन्म घालवलेला एक दांडगा म्हातारा, हेर टीडेमान; हेर म्हणजे श्रीयुत. फ्राऊ लिंडेमाननं ओळख करून दिली आणि ती बाजूला झाली. पडद्यावर किल्ल्याचा फोटो आला.

आणि सरलानं तोंड उघडलं ते असं: "या, बसा. तुम्ही एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. फार अपेक्षा मात्र ठेवू नका. तसं बघण्यासारखं काही विशेष नाही. जुनं, लहानसं गाव आहे. आम्हाला जमेल तसं दाखवू."

आता हे बोलणं आपल्याकडं कुठल्याही घरात म्हणा. चार भाज्या आणि पुरण घातलेलं ताट पुढं ठेवून आपली बाई काय म्हणते? साधंच केलंय हो, गोड मानून घ्या. आणि पाव्हणा काय म्हणतो? छे छे, केवढं केलंत! हा ठरलेला खेळ आहे. एकानं चेंडू खाली टाकायचा, दुसऱ्यानं वर उचलायचा. सरलानं टाकला आणि उचलायची वाट बघत हसत उभी राहिली.

कुणी उचलला न्हाई.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. हेर टीडेमान उठला आणि खुर्चीच्या पाठीवरचा कोट चढवायला लागला. फ्राऊ क्रोगरनं हात वर केला. आवाजात राग न्हवता, कुत्सितपणाही न्हवता. बाई खरंच विचारत होती.

"फ्राऊ निकम, बघण्यासारखं काही नसेल, तर आम्ही दहा तास विमानात कशासाठी बसायचं?"

भिंतीला टेकलेल्या फ्राऊ लिंडेमानचा चेहरा चुन्यासारखा झाला. सरलाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. इथं ताट पुढं ठेवून साधंच केलंय म्हटलं, तर ही माणसं चमचा खाली ठेवत्यात. वर घरी जाऊन सांगत्यात की बाई प्रामाणिक होती.

दुसरी कुणी असती तर माफी मागत बसली असती. सरलानं फोटो बंद केला आणि टेबलाला वळसा घालून पुढं आली.

"हेर टीडेमान, कोट घाला, हरकत नाही, पण बसा. चूक माझी आहे. आमच्याकडं पाव्हण्याला घरी नेताना आपलं घर लहान करून सांगतात. मग पाव्हणा ते मोठं करतो. तशी रीत आहे. तुम्ही काही मोठं केलं नाहीत. आता मलाच करावं लागणार."

दोन-चार जण हसले. टीडेमान कोटासकट बसला, पण बटणं लावूनच.

"तर पहिली गोष्ट," सरला म्हणाली. "पाव्हणा गावात आला की आमच्यात आधी त्याला परसाकडं कुठं जायचं ते सांगतात. देऊळ नंतर. सांतो दोमिंगोच्या जुन्या भागात कुठल्या कॅफेत स्वच्छ संडास आहे आणि कुठल्या मालकिणीला काही विकत न घेता नुसतं हसून नमस्कार केला तरी चालतं, हे मला सगळं ठाऊक आहे. तुमच्यातल्या एकालाही पाय आवळून किल्ला बघावा लागणार नाही."

आता मात्र सभागृह खदखदलं. ही गोष्ट तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या मनात होती आणि एकाचीही विचारायची छाती न्हवती.

तिथनं पुढं सरला सुटली. आता फोटोची गरज उरली न्हवती. हातानंच दाखवायला लागली. "सकाळी लवकर निघायचं. डाव्या हाताला नदी, ओझामा तिचं नाव. तिच्या काठावर जुना किल्ला. किल्ल्यातनं बाहेर पडलं की दगडी रस्ता, काये लास दामास, म्हणजे बायकांचा रस्ता. तिथल्या मोठ्या साहेबाची बायको आणि तिच्या सोबतिणी संध्याकाळी तिथं फेऱ्या मारायच्या म्हणे. आम्ही सकाळी मारू, कारण सकाळी तिथं सावली असते. मग कॅथीड्रल. प्रवाळाचा दगड आहे, पिवळसर. उन्हातनं आत पाऊल टाकलं की माठातल्या पाण्यासारखं गार वाटतं. अर्ध्या चड्डीवर आत सोडत नाहीत, तेव्हा हेर लोकांनी गुडघे झाकून यायचं."

"आणि दुपारी?" मागनं कुणीतरी विचारलं.

"दुपारी झोपायचं. तिथलं कुत्रंसुद्धा दुपारी रस्त्यावर दिसत नाही. मात्तीसन तुम्हाला बारा वाजता चालवायचे, आणि त्यांच्या गुडघ्यांचं काय झालं ते बघा."

हे जरा तिखट झालं. फ्राऊ लिंडेमाननं डोळे मिटले. पण मात्तीसनबरोबर गेलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडं बघून माना हलवल्या.

फ्राऊ क्रोगरचा हात परत वर. "इतिहासाचं काय? तो तर सुंदर नाही."

"नाही," सरला म्हणाली. "बेटावरची मूळ माणसं स्पॅनिश लोकांनी कामाला जुंपून आणि रोगानं मारली. मग आफ्रिकेतनं माणसं धरून आणली आणि विकली. त्या भिंतींचे दगड ज्यांनी वाहिले, त्यांची नावं भिंतीवर नाहीत. त्या मोठ्या साहेबाचा राजवाडा दाखवताना मी हे पण सांगणार. ज्याला नुसता राजवाडा पाहिजे, त्यानं पोस्टकार्ड घ्यावं, स्वस्त पडतं."

फ्राऊ क्रोगर ताठ पाठ सैल करून खुर्चीला टेकून बसली.

शेवटचा प्रश्न टीडेमानचा. आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. "तुम्ही भारतीय. सांतो दोमिंगोचं तुम्हाला काय कळतं?"

सगळे सरलाकडं बघायला लागले. तिनं कमरेवर हात ठेवला. "मात्तीसन कुठले होते, हेर टीडेमान?"

"ल्यूबेकचे."

"मग ल्यूबेकसारख्या थंड गावच्या माणसाला सांतो दोमिंगो कळलं, तर मला का कळू नये? मी तर उन्हात वाढले. शेजारणीच्या घरात न विचारता शिरून गप्पा मारायला मला अजून जमतं. तिकडं तसंच चालतं. तुम्हा सगळ्यांना मी एका म्हातारीच्या अंगणात कॉफी पाजणार आहे. ती गाइडांना दारात उभं करत नाही. मला खुर्ची देते."

टीडेमान हसला न्हाई. "आणि कॉफी चांगली असते?"

सरलाच्या जिभेवर आलं होतं, बरी असते. गिळलं. "तुम्ही आजवर प्यालेली नसेल अशी असते."

"गेनाऊ," टीडेमान म्हणाला, म्हणजे हेच ऐकायचं होतं, आणि कोटाची बटणं सोडायला लागला.

माहिती संपल्यावर माणसं फ्राऊ लिंडेमानभोवती गोळा झाली. फ्राऊ क्रोगर सगळ्यांच्या पुढं. मासे खात नाही आणि बसमध्ये खिडकी पाहिजे, एवढं तिनं हुकूम दिल्यासारखं सांगितलं. टीडेमाननं स्वतःचं आणि बहिणीचंही नाव दिलं. काही जण विचार करून कळवतो म्हणून छत्र्या उचलून गेले. जायचेच. पण जेवढे थांबले तेवढ्यात सहल होत होती.

खोली रिकामी झाल्यावर फ्राऊ लिंडेमान म्हणाली, "हे बघ, सरला, मात्तीसनबद्दल ते नको बोलायला होतंस."

"खरं होतं."

"खरं होतं. तरी नको होतं." मग तिनं कोट घातला. "उद्या लवकर ये. विमानाच्या जागा धरायच्या आहेत. आणि तो दुपारच्या झोपेचा कार्यक्रम छापताना विश्रांती म्हणून लिहू. लोक झोपेला पैसे दिले असं म्हणायला नकोत."

"विश्रांती लिवा. झोपू तर द्या."

घरी आली तेव्हा चंद्रशेखर स्वयंपाकघरात भात उतरवत होता. ओवी मोबाइलवर. सरलानं ओलं जाकीट काढून खुर्चीवर टाकलं.

"झालं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"झालं. फेब्रुवारीत जाती."

"किती दिवस?"

"दोन आठवडे."

चंद्रशेखरनं झाकण परत भांड्यावर ठेवलं. "मग आमच्या जेवणाचं?"

"आवं, तुम्ही विमानं जोडता. भाकरी थापता येईना व्हय?"

ओवी मोबाइलमधनं मान वर न करता म्हणाली, "पापा, इश हेल्फं दिर." मदत करते म्हणे.

"तू काय मदत करणार?" बाप म्हणाला. "तुला परात कुठं ठेवलीय ते तरी ठाऊक हाय का?"

सरला हात धुऊन ताटावर बसली होती. "आजच शिकवते दोघास्नी," म्हणाली, "आधी जेवू द्या. बोलून बोलून घसा कोरडा पडलाय, आणि उद्या सकाळी जागा धरायच्यात."