ड्रायव्हरच्या मागची सीट

"तारीख कुनाची?"

बस सुरू करायच्या आधी अण्णा आतला आरसा जरा खाली वळवायचे, सगळ्या सीटांवरून नजर फिरवायचे आणि हे विचारायचे. त्याशिवाय गिअरला हात लावायचे नाहीत. नवा माणूस दचकायचा. त्याला वाटायचं, ह्यांना आपल्या कोर्टातल्या भानगडीचं कसं कळलं? मग शेजारचा हळूच सांगायचा, "दवाखान्याची विचारतायत रे."

मोशी-चाकण रस्त्यावर तुम्ही कधी उभे राहिला असाल तर आमच्या बसगाड्या तुम्ही पाहिल्यात. काचेला कंपनीची पाटी, आत माना टाकून झोपलेली माणसं. त्यातल्याच एका बसचे अण्णा ड्रायव्हर. मोशीच्या पुढं एका फाट्यावर त्यांचं गाव. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, जिल्हे-तालुके मात्र पक्के. मी हिंगोली. माझ्या खोलीतला मित्र चिपळूण. "ए चिपळून, खिडकी लाव. ए हिंगोली, पाय आत घे." आईबापानं ठेवलेलं नाव मला फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

माझी शाळा आठवीत सुटली. इकडं येऊन पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला हेल्पर लागलो. दुसऱ्या वर्षी खोकला धरला, तो सुटेना. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळत होत्या. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी जाऊन दाखवायचं आणि पुढच्या गोळ्या घ्यायच्या, एवढंच काम. आणि तेवढंच मला जमेना.

तिसऱ्या शिफ्टचं बाहेरच्याला सांगून कळत नाही. सोमवारी रात्री कामावर गेलेला माणूस मंगळवारी सकाळी खोलीवर येतो, पण त्याचा सोमवार संपलेला नसतो. झोपल्याशिवाय वार बदलत नाही. तो उठतो तेव्हा दिवेलागण झालेली असते, आणि त्याला वाटतं, आत्ता कुठं मंगळवार लागला. माझी तारीख मंगळवारची होती. बुधवारी सकाळी मी आंघोळ करून, भांग पाडून दवाखान्याच्या खिडकीशी उभा.

आतली बाई चांगली होती. "अरे, काल होती की तुझी," म्हणाली. गोळ्या दिल्या. पण असा खंड पडत गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, हेही सांगितलं. पहिल्यापासून! आईला फोन करायचा होता, केला नाही.

पुढच्या फेरीला मी बसमध्ये चढलो तर अण्णांनी दारातच अडवलं.

"काय रं हिंगोली, तोंड का पडलंय?"

सांगितलं. टीबी म्हणताना आवाज बारीक केला. कंपनीत कळलं तर गेटवरूनच परत पाठवतील, ही भीती मला रात्रंदिवस खायची.

अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हंजी तुझा सोमवारच सरला नव्हता," ते म्हणाले. "रडू नगंस. पुढची तारीख कवा? सांगून ठिव मला. त्या आधीच्या फेरीला हितं बसायचं." त्यांनी आपल्या मागच्या सीटवर हात आपटला.

त्या सीटवर एक लाल टॉवेल कायम पसरलेला असायचा. ती तारखेची सीट. ज्याची तारीख जवळ आली त्यानं तिथं बसायचं, बाकी कुणी नाही. बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते. डोळे मिटूनही माणूस आपल्याच सीटवर जाऊन पडतो. एक दिवस तिथं बसायला मिळालं नाही की आत काहीतरी खटकत राहतं. अण्णांचा सगळा भरवसा त्या खटकण्यावर.

"अण्णा, मोबाईलला गजर लावायचा, झाला! टॉवेल कशाला?" चिपळूण एकदा म्हणाला.

"गजर तू बंद करून झोपतूस. सीट बंद करून दाव," अण्णा म्हणाले. "मानूस इसरतो भावा, बूड इसरत न्हाई."

आणखी एक नियम होता. तिथं बसलेल्याला तारीख कसली हे विचारायचं नाही. ह्या नियमानं मला वाचवलं. पण चिपळूणची त्यानं चांगलीच फजिती केली. एकदा उकाडा होता, तो वाऱ्यासाठी टॉवेलवर जाऊन बसला. कुणी काही विचारलं नाही. पण एकानं केळं दिलं, दुसऱ्यानं पाण्याची बाटली. क्वालिटीतल्या ताई म्हणाल्या, "घाबरू नको हं, आजकाल सगळ्यावर औषध आहे." उतरेपर्यंत त्याला खरंच कणकण वाटायला लागली होती. खोलीवर येऊन म्हणाला, "बघ रे कपाळ, तापलंय काय?"

माझी तारीख परत कधी चुकली नाही. सकाळी तिसरी शिफ्ट सोडताना अण्णा दवाखान्याच्या कोपऱ्यावर बस हळू करायचे. "हिंगोली, ऊठ. सोमवार सरला." मी डोळे चोळत उतरायचो. असं करत करत गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. शेवटच्या तपासणीत काही निघालं नाही तेव्हा मी पेढे आणले. अण्णांनी पेढा हातात घेतला, वास घेतला आणि मलाच खायला घातला. "साखर हाय मला," म्हणाले.

हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. पण पुढं माझं लक्ष रस्त्याकडं जायला लागलं. एखाद्या गतिरोधकावर बस अशी आदळायची की मागचे सगळे जागे व्हायचे. स्टॉप मागं राहायचा आणि बस पुढं जाऊन थांबायची. रोज चढणाऱ्या माणसाला अण्णा विचारायचे, "कोन रं त्यो?" मी घाबरट माणूस. एकदा शंका आली की माझ्या पोटातून जात नाही. मी टॉवेलच्या बाजूला उभा राहून प्रवास करायला लागलो. पुढं गतिरोधक आला की सहज बोलल्यासारखं म्हणायचो, "काय मोठा गतिरोधक केलाय, अण्णा!" ब्रेक लागायचा.

धीर करून एकदा विचारलं, "अण्णा, तुमची तारीख कधी असती?"

"ड्रायव्हरला मागची सीट असती व्हय?" म्हणाले, आणि हॉर्न वाजवला. पुढं कुणीच नव्हतं.

मग एक दिवस फाट्यावर अण्णांच्या घरच्या काकी डबा घेऊन उभ्या होत्या. अण्णा टायर बघायला खाली उतरले, तेवढ्यात काकी खिडकीशी आल्या. "तू हिंगोली न्हवं? डोळ्याच्या डागदरनं किती बारी बोलिवलं ह्यास्नी. दर टायमाला इसरलो म्हनत्यात. इसरत न्हाईत रं, भ्यात्यात. गाडी सोडा म्हनलं तर?" आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "येत्या बुधवारी हाय. सकाळचं धा."

बुधवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. बोललो तर त्यांची गाडी जाणार. नाही बोललो तर डोळे जाणार, आणि बसमध्ये आम्ही सगळे. ज्या माणसानं मला उभं केलं त्याच्या पोटावर मी पाय देऊ? उलटसुलट किती विचार केला तरी तिथंच येऊन थांबायचो.

बुधवारी सकाळी भोसरीच्या स्टॉपवर अण्णा चहाला उतरले. मी मागच्या सीटवरचा टॉवेल उचलला आणि ड्रायव्हरच्या सीटवर पसरला.

ते आले. दार उघडून एक पाय आत टाकला आणि तसेच थांबले. हात सीटवर गेला. टॉवेल चाचपला.

"कुनी केलं हे?"

"मी," म्हणालो. "अण्णा, आज तुमची तारीख हाय."

"मंग गाडी कोन चालवनार? तुझा बाप?"

"सोडून या सगळ्यांना. मग जाऊ. मी येतो संगं."

मागून क्वालिटीतल्या ताई म्हणाल्या, "जाऊन या अण्णा. कसली ते आम्ही विचारणार नाही."

अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला. त्या दिवशी बस इतकी हळू गेली की सायकलवाले पुढं जात होते. मी मागून उघडपणे सांगत होतो, "गतिरोधक. टेम्पो थांबलाय. आता माणूस." गेटवर सगळे उतरले, मी उतरलो नाही. खाडा पडला तर पडला. तिसऱ्या शिफ्टवाल्यांना आणून सोडलं, गाडी लावली आणि आम्ही चिंचवडला जायला रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला की अण्णांचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा. सगळा रस्ता.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, बराच वेळ आत पाहिलं. साखरेनं मागचा पडदा खराब झाला होता. एक डोळा गेल्यात जमा. दुसरा राहील, पण महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, चुकवायचं नाही. आणि गाडी बंद.

"बैलगाडी बी?" अण्णांनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. मीही.

नवा ड्रायव्हर आला. पोरगा चांगला आहे, गाणी लावतो. आरसा वर असतो, स्वतःचा भांग बघण्यापुरता. अण्णांच्या तारखेच्या आठवड्याला मी तिसरी शिफ्ट मागून घ्यायचो. सकाळी परतताना ते फाट्यावर उभे असायचे, पांढरी टोपी घालून. चढायचे, टॉवेलवर बसायचे. मी चिंचवडपर्यंत सोबत जायचो.

गेल्या महिन्यात फाटा आला आणि तिथं कुणी नव्हतं.

"थांब थांब," मी ओरडलो.

"राव, मागं कंटेनर आहे. कुणी दिसत तर नाही," नवा ड्रायव्हर म्हणाला.

मी फोन लावला. वाजत राहिला. एक इंजेक्शन चुकलं तर? उरलेला तेवढा एकच डोळा. मी टॉवेल उचलला आणि बस पुरती थांबायच्या आत उतरलो. रात्रभर उभं राहून पाय भरले होते, तरी गावाच्या रस्त्यानं पळतच निघालो.

अण्णा अंगणात खाटेवर बसले होते, तोंड हायवेकडं. काकी माहेरी गेलेल्या. तिकडं कुठलीतरी बस गतिरोधकावर करकरली आणि अण्णांचा उजवा पाय मातीत दाबला गेला.

"अण्णा, तारीख."

"उद्या हाय की ती. आज मंगळवार न्हवं?"

बुधवार उजाडला होता. घरी बसलेल्या माणसाचा वार कशानं बदलावा? ना शिफ्ट, ना फेरी. मी खाटेवर त्यांच्या शेजारी टॉवेल पसरला. त्यांचा हात सरकत आला आणि कापडाला लागून थांबला. ते बोटांनी टॉवेलची किनार चोळत राहिले.

मग त्यांनी खाटेखाली पायानं चपला चाचपायला सुरुवात केली. उजवी आधी सापडली.