रोटर चष्म्याच्या डबीत होता

अमानवीय वगैरे मी मानत नाही. या सदरातले अर्धे अनुभव वाचताना मला हसू येतं — अपचन, दारू, नाहीतर रिकामा वेळ, यापलीकडे त्यांत काही नसतं. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतो. तरी हे लिहितोय.

आमचं घर कळंबला. बाबांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी, आणि त्यांना कायमची धास्ती की ती चोरीला जाईल. कोण नेणार होतं ते खटारं? तरी गाडी लावली की बाबा बॉनेट उघडून रोटर काढून घ्यायचे. कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटून देणारा हा बोटाएवढा तुकडा. तो नसला की गाडी ढिम्म. मी चारचौघांत त्यांची टिंगल करायचो. मग बाबा गेले. गाडी दारातच उभी राहिली.

महिनाभरानं, भर दुपारी, आईच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्सला तासभर लागणार होता. आईला मागच्या सीटवर निजवलं, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. प्लगची वायर काढून पाहिली... ठिणगी नाही. कॉइल तपासली, कनेक्शनं घासली. रोटर ज्यात बसतो त्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण तेवढं उघडलं नाही. एवढा मोठा मास्तर, आणि बाबांची सवयच विसरलो.

"तुह्या बाबाले सांग ना," आई पुटपुटली.

भयंकर संताप आला. जीव जायची वेळ, आणि हे खूळ. "घ्या बाबा, तुमचं खटारं तुमीच चालवा," दातओठ खात म्हणालो आणि किल्ली फिरवली.

पहिल्या झटक्यात चालू. यवतमाळपर्यंत एकदाही अडखळली नाही. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात पुन्हा तेच, ठिणगी नाही. मेकॅनिकनं झाकण उघडलं. "सर, याच्यात रोटरच नाही. गाडी आणली कशी तुमी?"

रात्रीतून कोणी चोरला असेल, म्हणून मी त्याच्यावरच डाफरलो.

घरी आल्यावर आईनं कमरेची किल्ली काढून बाबांचं कपाट उघडलं. चष्म्याच्या डबीत रोटर. "जायच्या आदल्या दिवशी ठेवलता त्याईनं. तवापासून कपाट उघडलंच नाही मी."

आता तुम्ही म्हणाल, कळंबच्या चिंतामणी गणपतीची कृपा. म्हणा. रोटरशिवाय इंजिन चालू होतं का, हा प्रश्न मी यंदाही परीक्षेत घातला. 'नाही' लिहिणाऱ्यांना पूर्ण मार्क दिले. उत्तर बरोबरच आहे... आणि आई आत्ता ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे.