चहात भिजवलेली पाटी

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०१४. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग. डाव्या गुडघ्याची कुरकुर. टपालाने दातांच्या डॉक्टरांचं स्मरणपत्र. १९५३ची वही काढली. काढायला नको होती.

एवढं लिहून म्युरिएल क्लॅटवर्दींनी पेनाला टोपण लावलं आणि समोरच्या जुन्या वहीकडे, घरात शिरलेल्या अनोळखी कुत्र्याकडे पाहावं, तसं पाहिलं.

रोजनिशीची सवय त्यांना नवव्या वर्षी लागली. नेदर ऑडली गावाबाहेरच्या टेकडीवर जे मोठं घर आहे, तिथे तेव्हा नन्सची शाळा होती. सिस्टर कोलंबांचे नियम तीन होते. रोज लिहायचं. खरं लिहायचं. पान फाडायचं नाही. "चूक केलीस तर एक पाप," त्या म्हणायच्या, "आणि पान फाडलंस तर दोन." म्युरिएलबाईंनी एकाहत्तर वर्षं एकही पान फाडलं नव्हतं. लिहिलेलं पुन्हा वाचायचं, असा मात्र चौथा नियम नव्हता. त्यामुळे त्यांनी ते कधी वाचलंही नव्हतं.

आता जिल्ह्याच्या दप्तरखान्याने त्यांच्या साऱ्या वह्या मागितल्या होत्या. 'एका सामान्य स्त्रीचं रोजचं आयुष्य' म्हणून त्या जपून ठेवायच्या होत्या. त्यातला 'सामान्य' हा शब्द पचवायला बाईंना तीन आठवडे लागले. मग त्यांनी वह्या द्यायचं कबूल केलं, पण १९५३ची एकदा चाळून बघायचं ठरवलं. त्या उन्हाळ्यात रेमंड भेटला होता. एकोणिसाव्या वर्षी आपण काय काय बरळलो होतो, ते परक्या माणसांच्या आधी आपल्याला ठाऊक असलेलं बरं, एवढाच हेतू.

रेमंडबद्दलचा मजकूर अपेक्षेइतकाच वाईट निघाला. त्याने त्या हादरल्या नाहीत. हादरल्या त्या अकरा जूनच्या पानावरच्या तीन ओळींनी.

टेकडीवरच्या घराची नावं हा गावात म्युरिएलबाईंचा प्रांत होता. घराला मालक लाभले तितकी नावं लाभली. आधी ते ऑडली प्लेस होतं. मग व्हिटकोम नावाच्या माणसाने घेतलं आणि व्हिटकोम कोर्ट केलं. साबणवाल्या कारखानदाराने त्याचं बेलमाँट टॉवर्स केलं, म्हणजे अनेक मनोरे. बांधून झाला तो एकच, तेवढ्यात साबण बुडाला. नन्सनी त्याला सेंट एडिथचं नाव दिलं. पण सगळ्यांत जुनं, चारशे वर्षांपूर्वीचं नाव स्वॉनहोल्ड होतं, आणि ते शोधून काढलं होतं म्युरिएल क्लॅटवर्दींनी.

१९७९ साली तबेल्याची पडकी भिंत काढताना मागे एक काळीकुट्ट ओकची फळी सापडली होती. तिच्यावर जुन्या वळणाची अक्षरं होती: स्वॉनहोल्ड. बाईंनी महिनाभर ती भिंगाखाली पाहिली. विद्यापीठातल्या एका जाणकाराला पत्र लिहिलं. त्याने फळी घेऊन या म्हटलं. पण दोनदा बस बदलावी लागत होती, म्हणून त्यांनी स्वतःच जाणकार व्हायचं ठरवलं. दोन वर्षांनी 'एका घराची पाच नावं' ही पुस्तिका निघाली आणि चर्चच्या छपरासाठी विकली गेली. तिच्या प्रकाशनाला सिरिल टॅपसेल सभागृहात उभा राहिला होता. तो त्या घरचा माळी, बापही तिथलाच माळी, आजाही.

"बाई," तो म्हणाला होता, "आमच्या तीन पिढ्या त्या बागेत वाकल्या. हे नाव कुणी घेतलेलं आम्ही ऐकलं नाही."

"मिस्टर टॅपसेल," बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही गुलाबांचं बघा. इतिहासाचं मी बघते."

सभागृह हसलं होतं. त्या वाक्याचा त्यांना पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटला होता. तशी नोंदच होती.

आणि आता अकरा जून १९५३. राणीच्या राज्याभिषेकाच्या उन्हाळ्यात पाद्रींच्या पत्नी मिसेस ऑग्डेननी त्या घराच्या अंगणात गावाच्या इतिहासाचा खेळ बसवला होता. शनिवारी मुसळधार पावसाने खेळ रद्द झाला, सामान तबेल्यात कोंबलं गेलं, ऑग्डेन कुटुंब त्याच वर्षी बदली होऊन गेलं. खेळासाठी केलेली घराच्या नावाची पाटी कुणी पाहिलीच नाही. म्युरिएलबाईंनी पाहिली होती, कारण रंगवली त्यांनीच होती. पण त्या आठवड्यातलं त्यांच्या डोक्यात उरला होता तो फक्त रेमंड.

वही वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारभर, त्यांनी स्वतःशी वकिली केली. दुसरी फळी असू शकते. एखाद्या वेळी मिसेस ऑग्डेननाच खरं नाव ठाऊक असेल. संध्याकाळी घराच्या नव्या मालकीणबाई, मिसेस फॉस्केट, यांचा फोन आला.

"गुरुवारी पाथरवट येतोय. फाटकाच्या दोन्ही खांबांवर स्वॉनहोल्ड कोरायचं, खाली १५६० साल. पडदा तुम्हीच ओढायचा हं. हे नाव आम्हाला तुमच्यामुळेच मिळालं."

"ते मात्र अगदी खरं आहे," म्युरिएलबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून खुर्चीत बसल्या.

गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नव्हतं. दप्तरखान्यात कोण इतकं वाचतो? पण खोटं आता कागदावर राहणार नव्हतं, दगडावर जाणार होतं. आणि बोललं, तर गावात ज्या एका गोष्टीसाठी लोक त्यांना विचारायला येत, तीच जाणार होती. केक त्यांना कधीच जमला नव्हता.

सोमवारी ग्रामसभेला त्या वही पिशवीत घालून गेल्या. पार्किंगचं झालं, कुत्र्यांच्या घाणीचं झालं, मग अध्यक्षा गिलियन बेंट म्हणाल्या, "आणखी कुणाचं काही?"

म्युरिएलबाई उठल्या. "स्वॉनहोल्ड हे नाव जुनं नाही. पाटी मीच जुनी केली होती. १९५३ साली. पुस्तिकेत लिहिलं ते चूक आहे."

मागच्या रांगेत कुणाचा तरी चमचा बशीत पडला.

"म्युरिएल, बरं वाटतंय ना तुम्हाला?" गिलियनबाईंनी हळूच विचारलं.

"उत्तम वाटतंय. हा पुरावा." त्यांनी वही टेबलावर ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्यांच्या लक्षात आलं, पण उशिरा. कारण गिलियन बेंट शाळेतल्या निवृत्त बाई होत्या, आणि हातात आलेला कागद मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची त्यांची जुनी सवय होती.

"'गुरुवार. ऊन. घराचं पहिलं नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मिसेस ऑग्डेननी स्वॉनहोल्ड ठरवलं. मी पाटीला कडक चहा आणि काजळी चोळून चारशे वर्षं जुनी केली. रेमंड शिडी धरायला आला. उन्हात मागून त्याचे कान गुलाबी दिसतात, आत दिवा लावल्यासारखे. मला ते कान'..." गिलियनबाई थांबल्या. "पुढचं वाचू का?"

"नको," म्युरिएलबाई म्हणाल्या.

"वाचा की," मागून टॅपसेलचा आवाज आला. "इतिहास आहे तो."

सभागृह हसलं, आणि या वेळी ते तेहेतीस वर्षांपूर्वीपेक्षा बरंच जास्त वेळ हसलं. म्युरिएलबाई उभ्याच राहिल्या. हसू ओसरल्यावर त्या मागे वळल्या.

"मिस्टर टॅपसेल, तुम्ही बरोबर होतात. मी तुम्हाला सर्वांसमोर गप्प केलं. माझं चुकलं."

टॅपसेल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि त्याला घाई नव्हती. त्याने चहाचा घोट घेतला.

"माफीचं राहू द्या, बाई. पुस्तिकेत छापा, टॅपसेल बरोबर होता."

"छापते."

"कितव्या पानावर?"

"पहिल्या."

"मग ठीक."

मिसेस फॉस्केट तोवर गोंधळून गेल्या होत्या. "पण मग खरं पहिलं नाव कोणतं?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्या माना सवयीने म्युरिएलबाईंकडे वळल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. गावात हे वाक्य त्यांनी याआधी उच्चारल्याचं कुणाला आठवेना. त्यांनाही. "मिस्टर टॅपसेल, तुमच्या घरी काय म्हणायचे?"

"वरचं घर. आजा म्हणायचा, बाप म्हणायचा, मीही म्हणतो. मालक नावं बदलत बसले. चढ काही कुणी बदलला नाही."

"खांबावर 'वरचं घर' कोरून घेऊ मी?" मिसेस फॉस्केट म्हणाल्या.

"कोरू नका. ते आमचं आहे."

मिसेस फॉस्केट जरा विचारात पडल्या. त्यांनी त्या नावाचे कागद छापून घेतले होते, रुमाल भरतकामाला दिले होते. "मला बाई स्वॉनहोल्डच आवडतं. साबणवाल्याने बदललं, नन्सनी बदललं. मीही मालकीणच आहे ना? तर हे नाव मीच ठेवते. फक्त ते १५६० साल..."

"१९५३ टाका," म्युरिएलबाई म्हणाल्या. "ते मी शपथेवर सांगेन."

"आणि पडदा?"

"पडदा मिस्टर टॅपसेल ओढतील."

"गुरुवारी मी बटाटे काढणार आहे," टॅपसेल म्हणाला. "अकराच्या आत असेल तर ओढतो."

घरी आल्यावर म्युरिएलबाईंनी पुस्तिकेची प्रत काढली. 'पाच'वर काट मारली, 'सहा' लिहिलं. पहिल्या पानाच्या डोक्यावर 'वरचं घर' घातलं आणि त्याखाली, टॅपसेल बरोबर होता. स्वॉनहोल्डला उचलून सगळ्यांत तळाशी नेलं. नाव ठेवणाऱ्या: मिसेस ऑग्डेन, नंतर मिसेस फॉस्केट. जुनं करणारी: म्युरिएल क्लॅटवर्दी, चहा आणि काजळी वापरून. मग त्यांनी या वर्षीची वही उघडली. सभेचं जे झालं ते कानांसकट लिहिलं, आणि शेवटची ओळ घातली:

संध्याकाळी शेंगा निवडल्या. अर्ध्या वाफवून खाल्ल्या, उरलेल्या दोन पिशव्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.