बडग्याच्या अंगात माझा शर्ट

माझा एकदा पुतळा जाळलेला आहे. पुढाऱ्यांच्या नशिबी येणारा हा मान मला सहावीतच मिळाला.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे बाईचा एक भलामोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. तिच्यासोबत बडगे असतात, म्हणजे लोकांना नकोशा झालेल्या गोष्टींचे पुतळे. रोगराई घेऊन जा म्हणून ओरडत ते मिरवायचे आणि शेवटी जाळायचे. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांनी डास, महागाई सोडून माझा बडग्या केला. पुठ्ठ्याचे सुपाएवढे कान लावले होते, त्यामुळे ओळख पटायला कुणालाच त्रास झाला नाही. "खोकला, खरूज, सूपकान्याले घेऊन जा रे बडग्या!"

हे सगळं ज्यानं घडवलं त्या गल्लीच्या दादाला मी केव्हाच माफ केलं. विंचू नांगी मारणारच. राग होता तो माझ्या बाकावरच्या मित्रावर. बडग्याच्या अंगातला शर्ट माझा होता. आठवड्यापूर्वी हा मित्र पावसात भिजला म्हणून मीच त्याला तो घालायला दिला होता. घरी येऊन मी खूप रडलो.

मागच्या महिन्यात तो मित्र आयताच माझ्या हाती लागला. मी धंतोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेले गुडघे वाकते करणं हे माझं काम. कुहीहून आलेल्या पेशंटचं नाव वाचलं आणि मी मास्कआडून हसलो. तीन दिवस मी त्याचा गुडघा जरा जास्तच मन लावून वाकवला. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही गैर नव्हतं. मला होणारा आनंद मात्र नक्की गैर होता.

चौथ्या दिवशी तो कळवळला, "मेलो बे!"

"बडग्याचा शर्ट आठवते का?" मी मास्क काढून विचारलं.

"आठवते ना. नसता देला तं माहाच बडग्या केला असता त्याहीनं. भेव लागे मले."

"मंग करू माफ?" मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

"कर ना. मी तं तुले कवाचंच केलं."

"मले? काहून बे?"

"पुढच्या साली झालाच ना माहा बडग्या. सगळ्यात जोरात तूच ओरडला."

आणि मला लख्ख आठवलं. घोषणाही मीच रचली होती. त्या दिवशी दादानं पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मी हवेत होतो. त्याचा गुन्हा मी इतकी वर्षं जपला, माझा साफ विसरलो. मला भयंकर लाज वाटली.

"तुले मी पहिल्याच दिवशी कानावरून ओळखलं," तो म्हणाला.

"मंग तीन दिवस गप काहून बसून राहिला?"

"म्हटलं, तुहा राग आधी सरू दे."

"चुकलं गा माहं," मी कसंबसं म्हणालो.