चाचणीपुरता नवरदेव

"पहिले माह्यावर होऊ द्या," असं म्हणून तो बाह्या सरसावायचा आणि आमच्या कॉम्प्युटरपुढं बसायचा.

अकोल्यात जठारपेठेत आमचं वधू-वर सूचक केंद्र आहे. स्थळांची माहिती मराठीत भरायची आणि मेळाव्याआधी तिची एक्सेल फाईल काढून छापखान्यात द्यायची, एवढंच काम. पण फाईल उघडली की नावांच्या जागी किडेमकोडे, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. आता प्रश्नचिन्हाचं स्थळ बघायला कोण जाणार, तुम्हीच सांगा! मग या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन.

"किडेमकोडे दिसले तं घाबरू नका काकू," तो सांगायचा, "अक्षर जित्तं हाय, एक्सेलले वळखू येऊन नाही राहिलं. प्रश्नचिन्हं आले तं मातर अक्षर भरतानीच मेलं. थे पुन्हा भरा लागते."

दुरुस्ती झाली की एखादी नोंद भरायची, सेव्ह करायची आणि फाईल काढून बघायची. त्यासाठी तो दुसऱ्या कोणाच्या नावाला हात लावायचा नाही. "लोकाच्या पोरीवर कायले प्रयोग?" म्हणून स्वतःचीच नोंद भरायचा. नाव, उंची, शिक्षण, सगळं खरं. अक्षरं नीट उमटली की नोंद पुसायचा, चहा घ्यायचा आणि निघायचा.

चाळिशी उलटलेली, घरी एकटा. लग्न करायचं होतं त्याला, अगदी मनापासून. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! मी एकदा म्हटलं, "अरे बाबा, पुसतोस काहून? राहू दे की."

"इथंच काम करतो, इथंच नाव टाकू? बरं नाही दिसत."

घ्या! लोकांची लग्नं जुळावीत म्हणून हा राबणार आणि स्वतः चाचणीपुरता नवरदेव.

'अपेक्षा' या रकान्यात मात्र दर वेळी नवं वाक्य असायचं. अमरावतीच्या मेळाव्याआधी त्यानं लिहिलं, "रागावली तरी चालेल, अबोला धरू नये." वाचून मला गलबलून आलं.

घोळ झाला तो त्याच वेळी. त्यानं नोंद पुसली खरी, पण छापखान्याची फाईल त्याआधीच काढलेली. पुस्तिका छापली, वाटली, आणि तीत हा! छपाईआधी ती मीच वाचली होती; आता काय समजायचं ते समजा.

थोड्याच दिवसांत पातूरच्या एक शिक्षिका पुस्तिका घेऊन थेट ऑफिसात आल्या. हा समोरच बसलेला. मी बोट दाखवलं. याचा चेहरा पार उतरला.

"थे नोंद खरी नाही मॅडम. टेस्टिंगची हाय."

"म्हंजे खोटं लिव्हलं?"

"नाही, लिव्हलं खरंच हाय."

"मंग मीबी टेस्टिंगलेच आली समजा," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि ते अबोल्याचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "हे कोनासाठी लिव्हलं?"

तो बराच वेळ रुमालानं कीबोर्ड पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "कोनी वाचीन असं वाटलं नोतं."

मी चहा सांगायला उठले. डोळे पुसायला म्हणा हवं तर.

आता तो पातूरला असतो. दोघं कडकडून भांडतात आणि मजेत आहेत. आमच्याकडं एक नवीन बाई येतात, कामाला अगदी चोख. चाचणीला त्या 'अबक' लिहितात. अक्षरं स्वच्छ उमटतात. वाचायला काही नसतं.