ओढण्यांची गोधडी

हिंदी मुलखातल्या कांचघर वस्तीच्या त्या गल्लीत बाळंतपण झालं, की लोक इंदूबाई वांढऱ्यांच्या दारी जुनी लुगडी घेऊन यायचे. त्यांच्या हातची गोधडी म्हणजे मऊसूत. टाका असा, की उलटसुलट ओळखू येऊ नये.

तीन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक गीतांजली काविळीनं आठ दिवसांत गेली. जावयाचा धान्याचा व्यापार पाटनला आणि घरात बाईमाणूस नाही, म्हणून चार वर्षांची वैष्णवी आजोळी राहिली. तेरावं झाल्यावर इंदूबाईंनी लेकीच्या अकरा ओढण्या काढल्या आणि नातीसाठी गोधडी शिवली. ती कधी पाण्यात घातली नाही. गीतांजलीच्या केसांच्या तेलाचा वास होता तिला. पोर तिचं टोक नाकाशी धरायची, तेव्हाच झोपायची.

मग पोरीला खोकला लागला. सकाळी शिंका, छातीत शिट्टी. इंदूबाईंनी ओव्यानं शेकलं, खिडक्या लावल्या आणि गोधडी पोरीच्या कानापर्यंत ओढली. खोकला वाढला, तशी त्यांनी ती आणखी घट्ट लपेटली.

शेवटी नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हातावर टोचून तपासणी झाली, टोचल्या जागी लाल गांधी उठली.

"अम्मा, धूल के बारीक कीड़े हैं. गद्दे-रज़ाई में पलते हैं."

"आमच्या घरात किडे? मी दोनदा झाडते!"

"दिखते नहीं. झाड़ू से तो और उड़ते हैं. गीला पोंछा लगाइए, गद्दे-तकिये पर चेनवाला कवर चढ़ाइए, ओढ़ने-बिछाने का सब हर हफ़्ते खूब गरम पानी में धोइए. ये क्या ओढ़कर सोती है?"

वैष्णवीच म्हणाली, "मम्मी की रज़ाई."

परतताना ऑटोत इंदूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मीच गळा दाबून राहिली होती हिचा. रोज."

"असं काहून बोलतेस? तुला काय माहीत होतं?" गणपतराव म्हणाले. "धुऊ नको. पिशवीत बांधून पेटीत ठेवू. वास तरी राहील."

तसंच केलं. पण तिसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत धाप ऐकू आली. पेटी उघडी होती. वैष्णवी गोधडीत तोंड खुपसून बसली होती आणि तिचे ओठ निळसर झाले होते. डॉक्टरीणबाईंनी दिलेला पंप तोंडाला लावून दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवस ती तिथंच होती.

घरी आल्यावर वैष्णवी पुन्हा शाळेत गेली, त्या सकाळी इंदूबाईंनी मोठ्या गंजात पाणी उकळायला ठेवलं. गणपतराव आडवे आले. "तिचं एवढंच राहिलं आहे, इंदू."

"तिची पोरगी राहिली आहे," त्या म्हणाल्या आणि गोधडी पाण्यात सोडली.

आधी लाल रंग सुटला, मग हिरवा, मग सगळं मातकट झालं. वाफेबरोबर तेलाचा वास एकदाच भपकन वर आला. इंदूबाई गंजावर वाकल्या, तोंड भाजेस्तोवर वाकून राहिल्या. नंतर नुसता साबणाचा वास उरला.

दुपारी वैष्णवी धावत गच्चीवर गेली. दोरीवरच्या गोधडीला नाक लावलं, दुसरं टोक हुंगलं, मग मधला भाग.

"आजी, इसमें मम्मी नहीं है."

इंदूबाईंनी तिला जवळ घ्यायला हात केला, तर पोर मागं सरली आणि एकटीच जिना उतरली. पुढं पंधरा दिवस ती आजीशी कामापुरतंच बोलली.

दोन महिन्यांत शिट्टी थांबली. पोर रात्रभर सलग झोपू लागली, अंगावर नवी धुतलेली चादर घेऊन. गोधडी ती मागत नाही. गेल्या आठवड्यात गीतांजलीचा फोटो बघून तिनं आजोबांना विचारलं, "मम्मी कैसे बोलती थी?" गणपतराव उठून बाहेर गेले.

शेजारच्या सलोनीबाई नातवासाठी लुगडी घेऊन आल्या, तेव्हा इंदूबाई ओल्या फडक्यानं फरशी पुसत होत्या.

"आता नाही शिवत मी," त्यांनी वर न बघताच सांगितलं आणि फडकं पुन्हा बादलीत पिळलं.