दगडीचं नाव कथेत घातलं

वाचनमंडळातल्या मित्रांनो, हे पान वाचून पुढं धाडा.

आज सकाळी आमच्या हट्टा गावात शेजारच्या गंगावहिनी दारात आल्या. त्यांची पहिली दोन लेकरं गेली, म्हणून तिसरीला काळाची नजर लागू नये असं दगडी नाव ठेवलेलं. ती पटकीनं तडफडत होती.

"भाऊजी, तुमी पारावर वाचली त्या कथेतला माणूस मरतच न्हाई. त्याच्या जागी माझ्या पोरीचं नाव लिवा."

मी लिहिलं. दुपारी दगडी गेली.

संध्याकाळी वहिनी परत आल्या. "तिथं तरी जिती हाय ना?"

व्हय म्हणालो. कथेच्या शेवटी तो माणूस कंटाळून मरण मागतो, ते पान चुलीत घातलं.

आता सात वर्षांची पोर तिथं कायमची जगणार, मायेवाचून. सांगा, तिला कुणाच्या हवाली करू?